मीठ-साखरेचे पाणी आणि पेशीचे दार

मृगाचा पाऊस पडतो, ओढ्याविहिरींत गढूळ पाणी उतरते, घरात माश्या घोंघावू लागतात, आणि आमच्या खेड्यापाड्यांतून एक ठरलेले दुखणे डोके वर काढते. सकाळी अंगणात बागडणारे मूल दुपारी जुलाब-वांत्यांनी कोमेजून जाते. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल जातात, ओठ सुकतात, रडताना डोळ्यांतून पाणीही येईनासे होते. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारी बाई मायेने म्हणते, "त्याला पाणी पाजू नका ग, पोटात जाईल तेवढे सगळे बाहेरच पडेल." आई बिचारी ऐकते. मूल पाण्यासाठी हात पुढे करते आणि तिच्या हातातील पेला तसाच राहतो.

हा सल्ला देणारीच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी आजवर असंख्य बालके दगावली आहेत. जुलाबाने मूल मरते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे. मग पाणी द्यावे तर ते आतड्यात टिकत का नाही? नुसते पाणी पुरेसे का होत नाही? आणि त्याच पाण्यात मोजके मीठ व मोजकी साखर घातली की ते शरीरात कसे शिरते? ह्या प्रश्नांचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूपाशी आहे. ती वस्तू म्हणजे जिवंत पेशी. आज आम्ही आमच्या वाचकांना तिच्या दारापर्यंत नेणार आहोत. वाट थोडी लांबची आहे. पण घरी परतताना हाती उपयोगाचे काही लागेल, एवढे आश्वासन देतो.

कांद्याच्या पापुद्र्यातील खोल्या

घर बांधावयाचे तर चिऱ्यावर चिरा किंवा विटेवर वीट रचावी लागते. त्याचप्रमाणे झाड असो, मासा असो की माणूस असो, प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींनी बनलेले असते. उपमा येथवरच खरी. कारण वीट निर्जीव असते आणि पेशी जिवंत असते. ती खाते, श्वसन करते, मळ बाहेर टाकते, आणि वेळ आली की एकीच्या दोन होते.

पेशी पाहावयाची असेल तर फार मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. कांद्याची पाकळी मोडली असता तिच्या आतल्या अंगाला जो पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो, तो काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा, त्यावर आयोडिनचा एक थेंब टाकावा आणि शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. विटांच्या भिंतीसारखी लांबट खोल्यांची रांग दिसू लागते; प्रत्येक खोलीत एक गडद ठिपकाही दिसतो. आपली मुले माध्यमिक शाळेत हा प्रयोग करतात. त्यांना विचारून पाहावे; ती उत्साहाने सांगतील.

अशा खोल्या पहिल्याने पाहिल्या त्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. बाटलीच्या बुचाचा पातळ काप त्याने आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे त्याला दिसली. १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने त्यांना 'सेल' असे नाव दिले. मठातील संन्याशाच्या लहानशा खोलीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. हूकने पाहिलेल्या खोल्या मात्र रिकाम्या होत्या, कारण बूच हे झाडाचे मेलेले साल. जिवंत रहिवासी पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने १६७० नंतरच्या दशकात तळ्याच्या पाण्यातील आणि पुढे दातांवरील किटणातील सूक्ष्म जीव पाहिले.

त्यानंतर दीड शतक लोटले. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने वनस्पतींच्या पेशीतील तो गडद ठिपका नीट पारखून त्याला केंद्रक असे नाव दिले. १८३८ साली श्लायडेनने सांगितले की, वनस्पतीचे सारे शरीर पेशींचेच असते. पुढच्याच वर्षी थिओडोर श्वानने तोच नियम प्राण्यांनाही लागू केला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र १८५५ साली रुडॉल्फ फिर्खो ह्या जर्मन डॉक्टरने मांडले. बेल्जममधील लूव्हेन येथील कॅथलिक विद्यापीठात हे शास्त्र पुढे फार जोपासले गेले. तेथील झाँ-बाप्तिस्त कार्नुआ ह्या धर्मगुरूंनी १८८४ साली केवळ पेशींच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. पेशी पाहण्याआधी तिचा आकार न बिघडता ती टिकवून धरणारे त्यांच्या नावाचे द्रावण आजही प्रयोगशाळांतून वापरले जाते.

पेशीच्या घरातील मंडळी

आता एका पेशीच्या आत डोकावून पाहू. आपल्या शरीरातील पुष्कळशा पेशी इतक्या लहान असतात की, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील दहा-वीस भागांत एक पेशी मावते. मोठ्या माणसाच्या शरीरात अशा सुमारे तीस लाख कोटी पेशी असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य ह्या रक्तातील तांबड्या पेशी होत.

पेशीच्या मध्याजवळ केंद्रक असते. पेशीने काय काय घडवावे ह्याची सारी टिपणे त्यात डीएनए नावाच्या लांबलचक धाग्याच्या रूपाने साठवलेली असतात. एका पेशीतील हे धागे उलगडून टोकाला टोक जोडले तर ते सुमारे दोन मीटर भरतील. आणि तरीही ते त्या इवल्याशा केंद्रकात नीट गुंडाळून ठेवलेले असतात. त्यांतील हव्या त्या टिपणाची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम नावाचे कण तिच्याबरहुकूम प्रथिने विणतात. विणलेले प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या बोळांतून गॉल्जी पिंडापाशी जाते. तेथे त्याच्यावर शेवटचा हात फिरतो आणि ते आपापल्या ठिकाणी रवाना होते. लयकारिका नावाच्या पिशव्या पेशीतील केरकचरा पचवतात. आणि तंतुकणिका? त्या ह्या घराच्या चुली होत. अन्नातील साखर व चरबी श्वासातील प्राणवायूच्या साहाय्याने जाळून त्या एटीपी नावाचे सरपण तयार करतात. पेशीतील बहुतेक सारी कष्टाची कामे त्यावर चालतात.

ह्या सर्व मंडळींना एकत्र धरून ठेवणारे जे पातळ आवरण, त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. आजच्या आमच्या कथेचा नायक तेच आहे. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात आणि त्यांचे हे पटल बनते. तेलात मीठ विरघळत नाही हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्याच न्यायाने पाण्यात विरघळलेले मीठ आणि साखर ह्या मेदाच्या पटलातून आपल्या बळावर पार होऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात ठिकठिकाणी प्रथिनांची दारे बसवलेली असतात. प्रत्येक दाराची रीत वेगळी: एक दार केवळ पोटॅशियमला वाट देते, दुसरे केवळ क्लोराइडला. पाणी मात्र पुष्कळ मोकळेपणाने आतबाहेर करते, आणि ते कोणत्या दिशेने जाईल ह्याचा नियम तर आपल्या स्वयंपाकघरातच पाहावयास मिळतो.

लोणच्याची बरणी काय सांगते?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून त्या रात्रभर झाकून ठेवाव्यात. सकाळी पातेल्याच्या तळाशी पाणी साचलेले असते. ते आले कोठून? वरून कोणी ओतले नाही. कैरीच्या पेशींतूनच ते बाहेर पडले. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ती पाणचट होते, तेही ह्याच कारणाने. पावसाळ्याच्या बेगमीसाठी आपण मासळी खारवतो तेव्हा मीठ मासळीच्या अंगातील पाणी ओढून घेते. ती सडवू पाहणाऱ्या जंतूंच्या पेशींतूनही पाणी निघून जाते, म्हणून ती टिकते. उलट, बेदाणे साध्या पाण्यात टाकले तर तासा-दोन तासांत टपोरे फुगतात.

ह्या सर्वांच्या मागे नियम एकच आहे. पटलाच्या ज्या बाजूला मीठ-साखर अधिक दाट, त्या बाजूला पाणी ओढले जाते. ह्याला शास्त्रात परासरण म्हणतात. मीठ-साखर जाईल तिकडे पाणी जाते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले म्हणजे पुढील सारे उलगडेल.

आतड्याची पेशी आणि तिचे जोडदार

लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी लव असलेली असते. त्या लवेवर पेशींचा एकेरी थर शेजारी शेजारी उभा असतो. ह्या पेशींचे आयुष्य जेमतेम तीन ते पाच दिवसांचे. जुन्या झडतात आणि खालून नव्या वर सरकतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांसारखे हजारो उंचवटे असतात, त्यामुळे अन्नरस शोषून घेण्यास पुष्कळ जागा मिळते.

आपण पितो ते पाणी, आणि लाळ, जठररस, पित्त असे जे रस शरीर स्वतः आतड्यात ओतते ते, असे सारे मिळून मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील पाव लिटरही एरवी मळाबरोबर बाहेर जात नाही. बाकीचा सगळा द्रव ह्या पेशी परत शरीरात घेतात. एवढे पाणी त्या उचलतात तरी कशा? पाणी ढकलणारा पंप त्यांच्यापाशी नाही. त्या मीठ आत घेतात आणि पाणी मिठामागून येते.

ह्या कामी दोन यंत्रे लागतात. पहिले यंत्र पेशीच्या मागच्या, म्हणजे रक्ताकडच्या बाजूला असते. ते पेशीतील सोडियमचे तीन कण बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेते. हे काम एटीपीच्या सरपणावर अहोरात्र चालते. डेन्मार्कच्या येन्स स्कू ह्यांनी १९५७ साली ते शोधून काढले आणि चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या यंत्रामुळे पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई असते, आणि आतड्यातील सोडियम, म्हणजे आपल्या मिठातील मुख्य घटक, आत शिरण्यास सदैव आतुर असतो.

दुसरे यंत्र म्हणजे पेशीच्या माथ्यावरील, आतड्याच्या पोकळीकडे तोंड केलेले एक दार. ह्या दाराची रीत मोठी विलक्षण आहे. ते एकट्या ग्लुकोजला आत घेत नाही, एकट्या सोडियमलाही घेत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू अशी तिघांची जोडी जमली म्हणजेच ते वळते आणि तिघांनाही आत सोडते. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरीला एकत्रच पाटावर बसवतात, तसलाच हा प्रकार. मीठ आणि साखर ह्यांची अशी सांगड असावी, ही कल्पना रॉबर्ट क्रेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० सालच्या ऑगस्टमध्ये प्राग येथील सभेत मांडली. ते त्या वेळी कोणत्याही रोगाचे औषध शोधत नव्हते. साखर पेशीत कशी शिरते एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

ही जोडी पेशीत शिरली की मागच्या दारांनी रक्ताकडे जाते, आणि परासरणाच्या नियमाने पाणी तिच्यामागे ओढले जाते. म्हणून मीठ-साखरेचे पाणी शरीरात शिरते. जुलाब लागलेला असताना नुसत्या पाण्याला मात्र ओढून नेणारा सोबती अपुरा पडतो.

पटकीचे विष कोठे लागते?

जुलाबाच्या रोगांत पटकी, म्हणजे कॉलरा, हा सर्वांत भयंकर. एके काळी गावेच्या गावे त्याने ओस पाडली. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी वाहून जाऊ शकते, आणि धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. ह्याचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीच्या रुग्णांमध्ये ओळखला. परंतु तो जंतू नेमके करतो काय, ह्याचा उलगडा व्हावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे ह्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली दाखवून दिले की, जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतडे पाण्याने भरते. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि अपाय त्या विषाचा असतो. साधनांची वाण असताना केलेले हे काम आज जगभर मानाने सांगितले जाते.

हे विष पेशीला ठार मारीत नाही. ते पेशीतील एक कळ दाबून धरते, आणि क्लोराइडची दारे सताड उघडी राहतात. क्षार आतड्याच्या पोकळीत ओघळू लागतात आणि त्यांच्यामागून शरीरातील पाणी. नळाची तोटी फिरवूनही बंद होऊ नये तशी ही गत होते.

पण ह्या सर्व पडझडीत सोडियम-ग्लुकोजचे जोडदार तसेच शाबूत राहते! एका बाजूने पाणी वाहून जात असले तरी दुसऱ्या बाजूने पाणी आत घेण्याची सोय कायम असते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात दाराशी पोचवली, म्हणजे गेलेले पाणी भरून काढता येते. लहान मुलांच्या इतर अनेक जुलाबांत, उदाहरणार्थ रोटाव्हायरसच्या जुलाबात, काही पेशी मरतात हे खरे. परंतु उरलेल्या पेशींची दारे चालूच असतात.

बनगावची दोन दालने

ज्ञान पुस्तकात असते तोवर त्याची कसोटी लागत नाही. १९६८ साली ढाक्यातील पटकी संशोधनशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना हे द्रावण पाजून पाहिले, तेव्हा शिरेतून द्यावयाच्या सलाइनची गरज पुष्कळ कमी झाली. तरीही डॉक्टरांचा विश्वास बसेना. मीठ-साखरेच्या पाण्याने पटकी हटेल, हे कोणास खरे वाटावे?

कसोटी लागली १९७१ साली. पूर्व बंगालमधील संहारातून जीव वाचवून लक्षावधी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगावच्या छावण्यांतून ऐन पावसाळ्यात पटकी उसळली. तेथील इस्पितळाची दोन दालने जमिनीवर पडलेल्या रुग्णांनी भरून गेली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, आणि ते देणारे शिकलेले हातही अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी धाडसी निर्णय घेतला. एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कोलकात्यात मोजून पिशव्यांत भरण्यात आले. छावणीत ते पिंपांतील पाण्यात विरघळवले जाई, आणि रुग्णांचे आईबाप, भाऊबहिणी पेल्याने ते आपापल्या माणसास पाजीत.

जेथे शंभर रुग्णांमागे वीस-तीस दगावत होते, तेथे ह्या उपचाराने ते प्रमाण चारांच्याही खाली आले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ती माणसे वाचवली ती कोणाच्या हातांनी? पेला धरणारे हात अडाणी, भुकेल्या, घरदार गमावलेल्या नातेवाइकांचे होते. इंग्लंडमधील प्रसिद्ध 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली ह्या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होईल असे म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आता आपल्या घरात

ह्या सर्व शास्त्राचे सार पंधरा-वीस रुपयांच्या पुडीत येऊन बसले आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे ती विनामूल्य मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेल्या प्रमाणाप्रमाणे एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पूर्वीपेक्षा हे प्रमाण पातळ आहे, आणि पातळ द्रावणाने जुलाब व वांत्या कमी होतात असे आढळले आहे.

पुडी करावयाची ती अशी. पाणी उकळून थंड करावे, हात साबणाने धुवावेत, आणि पुडीवर लिहिलेले माप वाचून सबंध पुडी तेवढ्याच पाण्यात विरघळवावी. काही पुड्या एका लिटरच्या असतात, काही एका पेल्याच्या. म्हणून वाचणे अगत्याचे. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा पेला, मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला द्यावा. वांती झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा शिगोशीग भरू नये. पाणी चाखून पाहावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्यांची जोडी. आतड्याच्या पेशीच त्यांची फोड करतात आणि ग्लुकोज त्या जोडदाराला मिळते. ह्या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसते, म्हणून सोबत केळे किंवा शहाळ्याचे पाणी द्यावे, आणि पुडी मिळताच पुडीच वापरावी. आमच्या आज्या आजाऱ्याला मीठ घातलेली तांदळाची पेज देत, त्यातही हेच मर्म होते. तांदळाचे पिष्ट आतड्यात पचून त्याचे ग्लुकोज होते, आणि मीठ तर पेजेत आहेच.

माप का महत्त्वाचे, हे लोणच्याच्या बरणीने आपणांस आधीच सांगितले आहे. साखर जास्त झाली तर दारातून न शिरलेली साखर आतड्यात उरते आणि शरीरातील पाणी आपल्याकडे ओढते, जुलाब वाढतो. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून बाटलीबंद शीतपेये आणि गोड फळपेये जुलाबाच्या मुलाला देऊ नयेत. खोक्यांतील कित्येक गोड पेये ओआरएसचे नाव लावून विकली जात. २०२५ सालच्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावांत ते नाव वापरण्यास मनाई केली. दुकानात पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख तिच्यावर आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे पाणी जुलाब तत्काळ थांबवीत नाही. दोन पेले पाजले तरी जुलाब चालूच, म्हणून अनेक माता धीर सोडतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की, विषाचा अंमल उतरेपर्यंत आणि नव्या पेशी वर येईपर्यंत काही दिवस जावे लागतात. तोपर्यंत शरीराला पाण्याची वाण पडू न देणे एवढेच ह्या पेल्याचे काम, आणि ते काम जीव वाचवणारे आहे. त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात. अंगावरचे दूध आणि नेहमीचे हलके अन्न बंद करू नये. नव्या पेशी घडवावयास शरीराला अन्न लागतेच. रोटाव्हायरसची लस २०१६ सालापासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. तीही वेळेवर टोचणीच्या दिवशी तोंडातून पाजून घ्यावी.

मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, मळात रक्त दिसले, वांत्या थांबेनात, डोळे फार खोल गेले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे; तेथे शिरेतून सलाइन द्यावे लागते. सहा महिन्यांखालील तान्हे तर लवकरच दाखवावे. वाटेतही पेला आणि चमचा सोबत असू द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले अजूनही जुलाबाने मरतात. औषध सापडलेले असता, स्वस्त असता, हे मरण घडावे ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

म्हणून ह्या पावसाळ्याआधी प्रत्येक घराने दोन पुड्या आणून फडताळात, हाताशी येतील अशा जागी ठेवाव्यात. शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आजीला कांद्याचा पापुद्रा दाखवावा आणि त्या दाराची गोष्ट सांगावी. मग पुढच्या वेळी शेजारच्या घरी मूल आजारी पडले आणि कोणी "पाणी देऊ नका" म्हणाले, तर तीच आजी पुढे होऊन म्हणेल, "द्या ग, घोट घोट द्या. मीठ-साखर मोजून घातली आहे ना? मग त्याचे दार उघडे आहे."